शस्त्रक्रिया झालेल्या मुलाजवळ आईबापांना राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात लहान मुलांच्या मोफत शस्त्रक्रियांच्या बातम्या वरचेवर येतात. हृदयाला छिद्र असलेली, ओठ किंवा टाळू दुभंगलेली, पावले आत वळलेली मुले तालुक्याच्या गावांतून मुंबई-पुण्याला नेली जातात आणि बरी होऊन परत येतात, हे वाचून समाधान वाटते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होऊ लागली, आणि एरवी ‘देवाची करणी’ म्हणून घरातच राहिली असती अशी कितीतरी मुले शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचली. याचे श्रेय ज्यांचे त्यांना मिळालेच पाहिजे. परंतु या बातम्या ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ या वाक्यापाशी थांबतात, आणि मुलाचे व त्याच्या आईबापांचे खरे हाल बहुधा त्या वाक्यानंतर सुरू होतात. एका शासकीय रुग्णालयाच्या बालशल्य कक्षात आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून माझी नोकरी झाली असल्यामुळे त्या पुढच्या दिवसांविषयी काही लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते. माझी मागणी एकच आहे. शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलाजवळ आई किंवा वडील यांपैकी एकाने रात्रंदिवस राहणे हा उपचाराचाच भाग आहे, असे शासनाने लेखी मान्य करावे आणि त्या माणसाची झोपण्याची, जेवणाची व बुडालेल्या रोजाची सोय उपचाराच्या खर्चात धरावी.

आज बहुतेक मोठ्या रुग्णालयांत मुलांच्या वॉर्डाला तोच नियम लागू असतो जो मोठ्या माणसांच्या वॉर्डाला असतो. एका खाटेमागे एक पास, संध्याकाळी ठरावीक वेळेत भेट, राउंड सुरू झाला की सगळे नातेवाईक बाहेर. शस्त्रक्रियेनंतरच्या रिकव्हरी खोलीत आणि अतिदक्षता विभागात तर काचेपलीकडूनच बघायचे. पास बहुधा आईच्या हातात असतो. ती रात्री खाटेखाली चटई अंथरून झोपते, मूल कण्हले की उठते, आणि पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशींनी हटकले की चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते. रुग्णाचे जेवण मुलाच्या नावाने येते, त्यात मुलाने टाकलेला भात ती खाते. वॉर्डात बायका झोपतात म्हणून बापाला रात्री आत प्रवेश नाही. तो पोर्चमध्ये किंवा अपघात विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढतो. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या रुग्णांचा व नातेवाइकांचा आसरा होतो. पण प्रत्येक जिल्ह्याला असा आसरा नाही, आणि असला तरी मुलाच्या खाटेपासून तो दूरच असतो.

हा नियम वाईट हेतूने केलेला नाही हे मला चांगले माहीत आहे. वॉर्डात तीस खाटा असतील तर एका पाळीला दोन सिस्टर असतात, त्यातली एक शस्त्रक्रियागृहातून मुले आणायला-न्यायला गेलेली असते, आणि नातेवाइकांची गर्दी कोणालाच नको असते. पण नियम करणाऱ्यांनी मुलाला रुग्ण आणि आईला भेटायला आलेली बाई मानले, इथेच सगळे बिनसते. प्रौढ माणूस सलाइन कशासाठी लावले आहे हे विचारू शकतो, दुखते कुठे ते सांगू शकतो, उद्या घरी सोडणार आहेत हे समजून घेऊ शकतो. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी यातले सगळे आईच्या चेहऱ्यावरून ठरते.

भुलीतून शुद्धीवर येण्याचा प्रसंग घ्या. दोन ते पाच वर्षांची पुष्कळ मुले भूल उतरताना अक्षरशः थैमान घालतात. डोळे उघडे असतात पण समोरचे ओळखत नाहीत, हातपाय झाडतात, सुई उपटायला बघतात, आईने घेतले तरी तिला ढकलतात. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असते, आम्हालाही ठाऊक असते, आणि बहुतेक वेळा ते अर्ध्या तासाच्या आत आपोआप निवळते. आईला मात्र कोणी आधी सांगितलेले नसते. बंद दाराबाहेर तिला आपल्याच मुलाचा असा आवाज ऐकू येतो जो तिने कधी ऐकलेला नाही, आणि मग ‘भुलीत काहीतरी झालंय’ असे समजून बाहेर जो गोंधळ होतो त्याची बातमी कधी कधी आपल्याकडेही येत असेल. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दोन मिनिटे देऊन हे सांगितले, आणि मुलाचा श्वास व्यवस्थित आहे अशी भूलतज्ज्ञांची खात्री झाल्याबरोबर आईला खाटेशी बोलावले, तर तिने करायचे फार थोडे असते. खाटेचा कठडा वर ठेवायचा, सुईचा हात अलगद धरायचा, मुलाला हलवून जागे करायला जायचे नाही, रागवायचे नाही, आणि घरी ज्या सुरात ‘मी आहे ना’ म्हणते त्याच सुरात तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहायचे. मूल सावध झाल्यावर त्याला पहिल्यांदा जो चेहरा दिसतो तो ओळखीचा असावा, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे. तिला ना पैसा लागतो ना यंत्र.

दुसरी गोष्ट वेदनेची. नवजात बाळांना वेदना होत नाहीत असा वैद्यकातला समज १९८० च्या दशकापर्यंत टिकून होता, आणि पुरेशा वेदनाशामकाशिवाय तान्ह्या मुलांच्या शस्त्रक्रिया होत असत, हे आज खरे वाटणार नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रिया तपासल्या, आणि वेदनाशामक नीट दिलेल्या बाळांची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर चांगली राहते हे दाखवले. त्यानंतर जगभर पद्धती बदलल्या. बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना मोजण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना गुण देण्याची एक साधी पट्टी १९९७ पासून वापरात आहे. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लागू पडते. आमच्याकडे ही पट्टी प्रशिक्षणात शिकवतात, परंतु तीस खाटांच्या वॉर्डात ती दर चार तासांनी भरायला हात कुठून आणायचे हे कोणी शिकवत नाही.

इथे आईचे डोळे कामी येतात. जरा मोठी, चार-पाच वर्षांची मुले दुखत असले तरी सांगत नाहीत, कारण ‘दुखतंय’ म्हटले की सिस्टर सुई घेऊन येते हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलेले असते. असे मूल पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना शांत वाटते. आई सांगते की हा एरवी असा कधीच झोपत नाही. हे तिचे एक वाक्य कागदावर लिहून घेतले जावे इतके मोलाचे असते, परंतु राउंडच्या वेळी ती नियमाप्रमाणे दाराबाहेर उभी असते. पहिले एक-दोन दिवस वेदनाशामक औषध मुलाच्या वजनाप्रमाणे ठरलेल्या वेळी द्यायचे असे डॉक्टरांनी लिहिलेले असेल, तर मूल रडण्याची वाट पाहत बसू नये, आणि तोंडावाटे देता येत असेल तर सुई टाळावी. ही वेळ चुकली तर सिस्टरला आठवण करण्यात कसलाही आगाऊपणा नाही, हे मी आईबापांना आवर्जून सांगते. मात्र घरून आणलेले किंवा शेजारच्या खाटेवरून मागून घेतलेले औषध परस्पर कधीही देऊ नये.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपाशीपोटीविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण ऑपरेशननंतरचा निम्मा चिडचिडेपणा तिथून आलेला असतो. घट्ट अन्न सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी मुलांसाठी पाण्याची मर्यादा आता एक तासावर आणली आहे. प्रत्यक्षात ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको’ असे एकच फर्मान सगळ्या खाटांना निघते आणि यादीत शेवटचा नंबर असलेले दीड वर्षाचे पोर दुपारपर्यंत कोरड्या ओठांनी रडत राहते. सर्वांत लहान मूल यादीत सर्वांत वर घ्यावे आणि प्रत्येकाची पाणी बंद करण्याची वेळ वेगळी लिहून खाटेला लावावी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता काही आईबापांनाही सांगायचे आहे. मुलाशी खोटे बोलू नका. ‘आपण मामाच्या गावाला चाललोय’, ‘डॉक्टरकाका काही टोचणार नाहीत’, ‘मी चहा घेऊन आलेच’ असे सांगून आई दारातून निसटते, आणि त्यानंतर ते मूल तिला शौचालयापर्यंतही जाऊ देत नाही. लहान मुलाला आठवडाभर आधी सांगण्यात अर्थ नसतो; एखादा दिवस आधी, मोजक्या शब्दांत आणि खरे सांगावे की पोटाजवळचा फुगवटा बरा करायचा आहे, झोपेचे औषध देतील, उठल्यावर थोडे दुखेल, दुखले की औषध मिळेल, आणि मी तिथेच असेन. हे शेवटचे वचन पाळणे मात्र आईच्या हातात नसून रुग्णालयाच्या नियमाच्या हातात असते, म्हणून तर हे पत्र. आणि एक विनंती आम्हा सर्व परिचारिकांच्या वतीने : ‘गप्प बस, नाहीतर सिस्टर मोठी सुई देईल’ असा आमचा बागुलबुवा करू नका. त्या मुलाचे ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी आम्हालाच करायचे असते.

या सगळ्यावर ठराविक उत्तर मिळते की पहिले दोन दिवस मूल रडते, मग त्याला सवय होते आणि आई जवळ नसेल तर उलट ते लवकर शांत होते. हे उत्तर विलायतेतही दिले जात होते. तिथे १९५० च्या दशकापर्यंत अनेक रुग्णालयांत आईबापांना मुलाला भेटण्याची मुभा अगदी तुटपुंजी होती. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण करून ते १९५२ साली डॉक्टरांपुढे दाखवले, तेव्हा पुष्कळ डॉक्टर संतापले. पण ‘सवय झालेले’ म्हणून ज्या मुलाकडे ते बोट दाखवत होते ते मूल आशा सोडून दिलेले असते, हे पडद्यावर दिसत होते. आधी आक्रोश, मग खिन्नता, आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवणे, असा तो क्रम रॉबर्टसन यांनी मांडला. पुढे सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ साली, मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नसावे आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहण्याची सोय असावी, अशी शिफारस केली. ती अमलात यायला तिथेही बरीच वर्षे लागली. आई आल्यावर पाठ फिरवणारी मुले मी माझ्या वॉर्डातही पाहिली आहेत, आणि ‘बघा, आईची आठवणसुद्धा नाही’ असे कौतुकाने म्हणणारी माणसेही पाहिली आहेत.

दुसरा आक्षेप जंतुसंसर्गाचा, आणि तो मी हलका मानत नाही. मात्र हात धुतलेली, ॲप्रन घातलेली, नखे कापलेली एक आई आणि संध्याकाळी फळांच्या पिशव्या घेऊन बूटचपलांसकट खाटेवर बसणारे आठ पाहुणे यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. पाहुण्यांना अडवाच; खोकला-सर्दी असलेल्या काकाला तर दारातूनच परत पाठवा. पण नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातही एके काळी हाच आक्षेप घेऊन आयांना बाहेर ठेवले जात होते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले असता मृत्यूंचे प्रमाण, बाळ आधी स्थिर होऊ देऊन मग आईकडे देण्याच्या पद्धतीपेक्षा, २५ टक्क्यांनी कमी आढळले, आणि जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागलेली बाळेही त्यांत कमी होती. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय या अभ्यासात होते. केंद्र सरकारने २०१७ सालीच नवजात शिशू कक्षांत आईबापांना शिकवून बाळाच्या देखभालीत सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे दोन किलोच्याही आतल्या बाळाजवळ आई चालते, आणि हर्नियाचे टाके घातलेल्या तीन वर्षांच्या मुलाजवळ चालत नाही, याला काय म्हणावे?

खर्चाच्या बाबतीतही शासनाला नवे काही शोधायचे नाही. कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले की आईने सोबत राहायचे असते, तिला जेवण मिळते आणि बुडीत मजुरीही मिळते. आई रोजासाठी घरी पळाली तर मुलाचा उपचार अर्धवट राहतो हे आदिवासी जिल्ह्यांतल्या अनुभवाने शिकवले म्हणून ही तरतूद झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी जाण्याचे एकवेळचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले आहे. त्याच पॅकेजमध्ये बारा वर्षांखालील रुग्णाबरोबर राहणाऱ्या एका पालकाचे दोन वेळचे जेवण आणि बुडीत मजुरी घालणे हा एका शासन निर्णयाचा विषय आहे. ऊसतोडीच्या टोळीतून मधेच उठून आलेल्या आईला मुकादमाच्या उचलीची चिंता असते, आणि टाके निघण्याआधीच ‘आम्हाला सोडा’ म्हणून ती सही करते. तिला आम्ही अडाणी म्हणून मोकळे होतो.

बाप आत येण्याचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण वॉर्डात इतर बायका असतात. पण मुलगा बापाच्याच अंगावर झोपणारा असेल, आई बाळंतीण असेल, किंवा ती हयातच नसेल, तर काय करायचे याला आजचा नियम उत्तर देत नाही. आजीला गावाहून बोलवा एवढेच सांगतो. वॉर्डाच्या एका टोकाला पडद्याआड दोन-तीन खाटांची सोय केली तरी निभते.

खेळाविषयी फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगते. आमच्या वॉर्डात खेळणी नव्हती, तेव्हा कापूस गॉजमध्ये गुंडाळून, वर गाठ मारून आम्ही बाहुली करून देत असू. हाताला सुई लावलेली मुले त्या बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी लावून ‘झालं, झालं, आता नाही दुखणार’ असे आमच्याच आवाजात म्हणत. ज्या मुलाने आदल्या दिवशी बाहुलीचे ड्रेसिंग केले आहे ते दुसऱ्या दिवशी आपले ड्रेसिंग जरा कमी रडून करू देते, असा माझा अनुभव आहे. खेळणे हा मुलाचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात म्हटले आहे आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. हल्ली आया मोबाइल हातात देतात. सुई टोचण्याच्या त्या दोन मिनिटांपुरता तो उपयोगीही पडतो, दिवसभर मात्र देऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित भाग घरी गेल्यानंतरचा. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, औषधांच्या वेळा इंग्रजी आद्याक्षरांत, आणि ते समजावून सांगायला वॉर्डात कोणाला उसंत नाही. छातीचे हाड उघडून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला साधारण सहा आठवडे काखेत हात घालून उचलायचे नसते. एक हात मानेखाली आणि एक हात ढुंगणाखाली घालून त्याला उचलावे लागते. हे आईला सांगितले तरी पुरत नाही, कारण मूल घरी पोहोचल्या पोहोचल्या ‘आलं का माझं सोनं’ म्हणत आत्या पहिल्यांदा त्याला काखेतूनच उचलते. टॉन्सिल काढलेल्या मुलाच्या घशात पांढरट थर दिसतो तो पू नसतो, हे सांगितले नाही तर घरचे घाबरतात; आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास थुंकीतून ताजे लाल रक्त आले तर तत्काळ रुग्णालय गाठायचे असते, हे सांगितले नाही तर घरचे घाबरतच नाहीत. टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या तोंडात बाटली, बोट, पेन्सिल काहीही जाऊ द्यायचे नसते, म्हणून कोपर वाकू नये अशा पट्ट्या बांधतात. आजीला त्या मुलाचा छळ वाटतात आणि ती दुपारी हळूच सोडते. जखमेला हळद-तेल किंवा अंगारा लावणे, डाळीने पू धरतो आणि आंबटाने टाके पिकतात म्हणून मुलाला आठ-आठ दिवस साखर-भातावर ठेवणे, हेही घरोघरी चालते. डॉक्टरांनी एखादे पथ्य मुद्दाम लिहून दिले असेल तर ते पाळावेच, पण जखम भरायला वरण, अंडे, दूध, उसळ हेच लागते.

आणि मूल बदललेले असते. चार वर्षांचे, अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, रात्री किंचाळून उठते, आईचा पदर सोडत नाही, पांढरा शर्ट घातलेला कोणीही दिसला की खाटेखाली लपते. घरात कोणी म्हणते लाडावलंय, कोणी म्हणते दृष्ट लागलीय. मीठ-मोहऱ्या ओवाळून आजीचे समाधान होत असेल तर त्याला माझी हरकत नाही, मात्र मुलाला मारू नये आणि चिडवू नये. शस्त्रक्रियेनंतर असे वागणे पुष्कळ मुलांत दिसते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत मावळते. त्याला जेवण, झोप, अंघोळ यांच्या जुन्या वेळा परत मिळाव्यात, धाकट्या-थोरल्या भावंडांत बसू द्यावे, दवाखान्याविषयी ते बोलले तर ‘विसर आता’ म्हणून गप्प करू नये. महिना-दीड महिना उलटूनही झोप आणि खाणे रुळावर आले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, सतत उलट्या, लघवी बंद होणे किंवा मूल मलूल पडणे यांसाठी मात्र एक दिवसही थांबू नये.

या दिवसांत घरी जाऊन बघणारे कोणीतरी हवे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात त्याचे मूळ तिथे आहे. शस्त्रक्रिया होऊन आलेल्या मुलाच्या घरी अशा दोन-तीन भेटी, त्यांचा वेगळा मोबदला आशाताईंना देऊन, सहज ठरवता येतील. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून मोबदल्याचा उल्लेख मुद्दाम करते. मुलाचे व्यंग शोधणारे पथक शासनाचे, त्याला मुंबईला नेणारी गाडी शासनाची, आणि परत आल्यावर ते मूल कोणाच्याच यादीत नाही, अशी आजची स्थिती आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, आणि ती अनेक रुग्णालयांच्या भिंतींवर लागली आहे. लहान मुलाला आपला माणूस जवळ असण्याचा हक्क त्यांत स्वतंत्रपणे नाही. केंद्राची सनद बदलेल तेव्हा बदलेल. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि वैद्यकीय शिक्षण विभागाला मिळून एक परिपत्रक काढायला तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. बालशल्य कक्षातल्या पालकाचा पास चोवीस तासांचा असावा आणि त्यावर आईबरोबर वडिलांचेही नाव असावे, राउंडला पालकाने मुलाजवळ थांबावे, रिकव्हरीत भूलतज्ज्ञांच्या परवानगीने एकाला आत घ्यावे, आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर मराठीत छापलेला एक कागद व वॉर्डात रात्रीसुद्धा उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक द्यावा, इतके त्यात असले तरी सुरुवातीला पुरे. बुडीत मजुरीला अर्थ खात्याची मंजुरी लागेल आणि तिला वेळ लागेल याची मला कल्पना आहे. पास बदलायला मात्र अधिष्ठात्यांची एक सही पुरते, आणि ज्या रुग्णालयांचे अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक हे पत्र वाचतील त्यांनी परिपत्रकाची वाट न पाहता ती करावी, अशी त्यांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
सातारा